खुरपलेलं घरटं

भाद्रपद सरत आला की रमण्यातलं गवत रंग बदलायला लागतं. आधी शेंड्यांना तांबूस झाक येते, मग पात्यांच्या कडा पिवळ्या पडतात, आणि एखाद्या सकाळी वारा सुटला की सगळ्या माळाचा आवाजच पालटलेला असतो. हिरवं गवत सळसळतं, पिकलेलं खरखरतं. गेली सतरा वर्षं ती खरखर कानावर आली की माझ्या उजव्या हाताच्या तळव्याला घाम फुटतो. बायकोनं एकदा विचारलं होतं, हाताला काय झालंय. उन्हाचं आहे, म्हणालो. मी असाच आहे. ती म्हणते, तुम्ही सगळं बोलणं शाळेत संपवून येता, घरी उरलंसुरलं पण आणत नाही.

यंदा बोलणार आहे. कुणाला आवडो न आवडो.

रमणा म्हणजे राखलेलं कुरण. आमच्या औराद तालुक्यात असे दोनतीन होते. निजामाच्या घोड्यांसाठी म्हणून राखलेले. निजाम गेला, घोडे गेले, हैदराबादचं राज्य मोडलं आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो, पुढं त्याचं कर्नाटक झालं. पाट्यांवरची अक्षरं बदलत गेली, रमणा तसाच राहिला. लाल मुरमाड माती, मधून मधून खडकाची पाठ उघडी पडलेली, आणि कमरेइतकं पवना गवत. त्यात शिरलं की कुसळं धोतराला अशी चिकटतात की संध्याकाळभर वेचत बसावं लागतं. गवताला त्या दिवसांत एक गोडसर, उबट वास असतो. उडदाच्या राशी उरकलेल्या, तूर अजून फुलायची, करडईची पेरणी व्हायची. मधले ते पंधरावीस दिवस शेतकऱ्याला थोडी सवड असते आणि रमण्यात मात्र कापणी सुरू व्हायची असते.

त्याच दिवसांत तणमोर उड्या मारतो.

ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. गवत शांत असतं. एकदम त्यातून एक काळंपांढरं पाखरू सरळ वर फेकल्यासारखं येतं, माणसाच्या डोक्याच्या वर जातं, हवेत क्षणभर पंख फडफडवतं, बेडकासारखा घशातून आवाज काढतं आणि पुन्हा गवतात दिसेनासं होतं. थोड्या वेळानं पुन्हा. सकाळभर चालतं ते. नराच्या डोक्यामागं बारीक वळलेली पिसं असतात, कुणी केसांची बट कानामागं टाकावी तशी. मादी मात्र गवताच्या रंगाची. ती उडी मारत नाही, दिसत नाही, आवाज करत नाही. अंडी तिनंच घालायची, तिनंच उबवायची. आमच्याकडच्या बाया नराला 'उड्या' म्हणतात आणि मादीला नुसतं 'ती'.

मला हे सगळं आधी माहीत नव्हतं. शेतकऱ्याच्या घरात वाढूनही पाखरं म्हणजे गोफणीनं हाकायची एवढंच शिकलो होतो. शिकवलं एका साहेबांनी. हैदराबादचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, अंगात खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण. दर वर्षी गवताच्या दिवसांत ते यायचे आणि आमच्या शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम करायचे. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, नवा मास्तर. ते मला सोबत न्यायचे.

"रंग कू मत देखो मास्टर," ते म्हणायचे. "रंग झूट बोलता. पहले चाल देखो. बैठता कैसा, उठता कैसा, गर्दन किधर करता. कोंबडी से बडा के छोटा? फिर रंग."

मी वहीत लिहून घ्यायचो. चाल, बैठक, आकार, मग रंग. त्या वहीत पहिल्या वर्षी साठसत्तर पाखरं झाली. जी पाखरं मी आयुष्यभर 'चिमणीसारखं' आणि 'कावळ्यासारखं' म्हणून उडवून लावली होती, त्यांना एकेक नाव आलं. तो आनंद खरा होता. पुढं जे झालं त्यानं तो खोटा ठरत नाही, हेही मला सांगायचं आहे.

साहेबांना एकच हुरहुर होती. "तणमोर के घोंसले का फोटू," ते म्हणायचे, "मिल गया ना मास्टर, तो तुमारा नाम पेपर में."

माझं नाव. पेपरमध्ये.

मी उदगीरहून एक जुना बॉक्स कॅमेरा आणला.

आता रमण्यातल्या कापणीबद्दल सांगायला हवं. गवत लिलावात जायचं, कापायला बायांच्या टोळ्या यायच्या. त्यातली एक टोळी चंद्राक्काची. पाच जणी. चंद्राक्का तेव्हा पस्तिशीची असेल, उंच, आवाज खणखणीत. गावाच्या बौद्धवाड्यातली. त्या पाचही जणी एका ओळीत बसून विळा चालवत पुढं सरकायच्या, आणि त्यांची चेष्टामस्करी माळभर ऐकू यायची. मी गळ्यात कॅमेरा अडकवून दिसलो की हमखास सुरू व्हायच्या.

"मास्तर, आमचा बी काडा की फोटू!"

"तुझा कशाला काडतील गं? तुला काय पकं हायती?"

"न्हाईत म्हून तर हितं बसलेव. असती तर मुंबईलाच गेली नसती व्हय!"

त्यांची एक रीत होती. विळ्याच्या पुढ्यातून एखादं पाखरू भर्रकन उठलं की जिच्या पुढ्यातून उठलं ती "हाय!" म्हणून ओरडायची, आणि पाचही विळे थांबायचे. मग ती बाई वाकून, हात न लावता, गवत किंचित बाजूला करून बघायची. अंडी असली तर त्या जागेच्या चार कोपऱ्यांवरच्या गवताचे शेंडे एकमेकांत गुंफून गाठ मारायची. चार गाठी. तेवढं खाटल्याएवढं गवत उभं ठेवून ओळ पुढं जायची. दिवाळीनंतर, पिल्लं चालती झाली की मग ते कापायचं. कुणी शिकवलं, विचारलं तर चंद्राक्का म्हणाली, "शिकवायला कामून लागतं? बाळंतिनीचं छप्पर कुनी काडतं का?"

त्या वर्षी, दुष्काळाच्या आदल्या वर्षी, अशा चार गाठी मला दिसल्या. सगळं गवत कापलेलं, आणि मधोमध एक ठिगळ उभं.

"तीच हाय," चंद्राक्का म्हणाली. "तीन अंडी. लांबूनच बघा, मास्तर. लई भित्री हाय."

मी मान डोलावली. साहेब त्या वर्षी आजारपणामुळं आले नव्हते. म्हणजे फोटो माझा एकट्याचा होणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया रमण्याच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या. मी एकटा गेलो. पावलांच्या आवाजानं मादी उठली आणि मान खाली घालून चालत गेली. मी वाकून पाहिलं. शेवाळी रंगाची तीन अंडी, वर तपकिरी डाग. पण फोटो कसा काढायचा? त्या डबड्या कॅमेऱ्याला सहा फुटांच्या आत गेलं की सगळं धुरकट येतं, आणि सहा फुटांवरून मध्ये गवतच गवत. शिवाय त्याला लखलखीत ऊन लागतं. घरट्यावर सावली.

मग मी जे केलं ते मी शेतकऱ्याचा मुलगा असल्यामुळंच मला सुचलं. दुसऱ्या कुणी चार काड्या वाकवल्या असत्या. मी पिशवीतून खुरपं काढलं. घरून निघताना ते मीच आत टाकलं होतं, म्हणजे मनात आधीपासून होतंच. ऐन वेळी सुचलं असं आजवर स्वतःला सांगत आलो, तेही खोटं. मी बसलो आणि घरट्याभोवतालचं गवत खुरपलं. मिरचीच्या रोपाभोवती आळं करावं तसं. गोल, स्वच्छ, मुळासकट. हात सफाईनं चालत होता. चार गाठी एका बाजूला पडल्या. मध्ये तीन अंडी, भोवती तांबडी उघडी माती. मला ते छान दिसलं. हे लिहिताना पेन अडखळतं, पण त्या क्षणी मला ते नीटनेटकं, छान दिसलं.

मग पोत्याखाली निजून मी तिची वाट बघत राहिलो.

ती आली. कडेपर्यंत आली, कापलेल्या गवताची बुडं संपतात तिथं थांबली. मान लांब केली. अंड्यांकडं पाहिलं. एक पाय पुढं टाकला, मागं घेतला. गेली. दुसऱ्या बाजूनं आली. पुन्हा तेच. आश्विनातलं ऊन, माती तव्यासारखी, आणि ती त्या गोलाभोवती फिरते आहे. मी किती वेळ पडून होतो? सकाळ गेली, दुपार गेली. बारा फोटोंचा रोल संपला तरी मी उठलो नाही, कारण उठलो तर तिला कळेल असं वाटलं. खरं तर मी उठून निघून गेलो असतो तर कदाचित ती आत गेली असती. कदाचित. ह्या शब्दाबरोबर मी सतरा वर्षं काढली आहेत.

दुसऱ्या दिवशी अंड्यांना मुंग्या लागल्या होत्या. तिसऱ्या दिवशी कावळे होते.

बारा फोटोंतला एकच चांगला आला. ती कडेला उभी, मान अंड्यांकडं ताणलेली. तो मी साहेबांना पाठवला. त्यांचं पत्र आलं, खूप आनंदाचं, आणि शेवटी एक प्रश्न: घरट्याचं पुढं काय झालं?

मी पोस्टकार्डावर उत्तर लिहिलं. "गवत कापणाऱ्या बायांनी भोवतालचं गवत काढल्यानं घरटं उघडं पडलं व नष्ट झालं." मास्तरचं अक्षर, सुवाच्य. एकही काना मात्रा चुकलेली नाही.

साहेबांनी लेख लिहिला. रविवारच्या पुरवणीत फोटो आला, वर मथळा: 'आईची माया'. खाली मजकूर, की अडाणी मजुरांच्या विळ्याखाली असा अमोल ठेवा नष्ट होतो आहे. साहेबांना मी दोष देत नाही. ते माझ्यावर विश्वास ठेवून लिहीत होते. त्यांना खरं सांगायचं राहिलं ते राहिलंच. पुढं दोनच वर्षांनी ते गेले.

ते पान कुणीतरी लिलाव करणाऱ्या कचेरीत दाखवलं. पुढल्या वर्षी चंद्राक्काच्या टोळीला रमण्यात घ्यायचं नाही असं वरून सांगण्यात आलं. पुढलं वर्ष म्हणजे दुष्काळाचं. विहिरी कोरड्या, शेतात ढेकळं, आणि गवताची तेवढी कापणी चालू. त्या पाच जणी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. मी शाळेच्या दारात उभा राहून त्यांना जाताना पाहिलं. चंद्राक्कानं माझ्याकडं वळून पाहिलं. मी फळा पुसायला आत गेलो.

एवढंच. यात खून नाही, दरोडा नाही. म्हणूनच इतकी वर्षं लपवता आलं.

यंदा भाद्रपद सरता सरता बिदरहून पत्र आलं. पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं आहे, तुमचा जुना 'आईची माया' मोठा करून दाराशीच लावणार, शाल देऊन सत्कार. बरोबर आणखी एक विनंती: रमण्यात यंदा पुन्हा मादी दिसल्याचं कानावर आलंय, आमच्या मंडळींना जागा दाखवाल का? पत्र आल्या दिवशीच वारा फिरला होता. गवत खरखरत होतं.

मी फोटोची जुनी प्रत घेतली आणि बौद्धवाड्यात गेलो. चंद्राक्का अंगणात उडीद पाखडत होती. आता केस पांढरे, सुपाची लय तीच. घरावर निळा झेंडा. मी उभ्या उभ्याच सांगितलं. खुरपं, पोतं, पोस्टकार्ड. कुठंही थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं आलं नसतं.

ती सूप हलवतच राहिली. मग म्हणाली, "ठावं हाय."

"काय ठावं आहे?"

"तुमीच केलं ते. आमी तवाच बगितलं. इळ्यानं कापलेल्या गवताचं बूड ऱ्हातं मास्तर, बोटभर. तितलं गवत मुळासकट उपटल्यालं. गोल आळं क्येल्यालं. ह्ये काम खुरप्याचं, आन खुरपं काय बाईनं आनलेलं न्हवतं. आमाला येवडं कळत न्हाई व्हय?"

"मग बोलली का नाहीस, अक्का?"

तिनं सूप खाली ठेवलं. पहिल्यांदाच. "कुनाला? लिहिनारे तुमी. छापनारे तुमचे. वाचनारे बी तुमीच." मग म्हणाली, "आमी रोज पंचशील म्हनताव. जीव घेनार न्हाई म्हून. आन तुमच्या कागदानं आमालाच मारनारं क्येलं. त्ये लागलं. खडी फोडायचं न्हाई लागलं, त्ये लागलं."

मी फोटो पुढं केला, त्याचा छापलेला मथळा सांगितला. तिनं तो कधी पाहिलाच नव्हता. उन्हात धरून तिनं बराच वेळ पाहिला, डोळे बारीक करून, अगदी साहेब पाहायचे तसा: चाल, बैठक, मान.

"हिला माया कोन म्हन्लं?" तिनं विचारलं. "पाय बगा की. मागं घ्यायलीय. ही भ्यालीय."

सतरा वर्षांत त्या फोटोचं कौतुक शंभर शिकल्या माणसांनी केलं. बरोबर ओळखला तो एकीनं.

"मला माफ कर," असं काहीतरी मी म्हणालो.

"माज्या अंगनात कामून सांगायलाव? हितं काय छापलं व्हतं? जितं छापलं तितं जाऊन सांगा."

हेडमास्तरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, कशाला जुनं उकरून काढायलाव? एका पाखरापायी? शाळेचं नाव निघालंय, घ्या की शाल." माझ्या पुतण्यानं सांगितलं की गावातले लोक म्हणतील, मास्तर त्यांच्या वाड्यात जाऊन हात जोडून आला. म्हणू देत. गेलो होतो, हात जोडले होते.

प्रदर्शनाला मी सकाळी लवकरच पोचलो. फोटो दाराशी होता, माणसाएवढा मोठा केलेला. त्याखाली मी लिहून नेलेला कागद चिकटवला. त्यात साध्या शब्दांत होतं की हे घरटं फोटो काढणाऱ्यानं मोडलं, आणि ज्यांनी ते राखलं होतं त्यांच्यावर त्यानं खोटा आळ घेतला. अर्ध्या तासानं कागद नव्हता. संयोजक, एक तरुण डॉक्टर, मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, भावना समजते. पण लोक बघायला येतात, मूड जातो. फोटो इतका सुंदर आहे."

"सुंदर नाही," मी म्हणालो. "एकतर दोन्ही लावा, नाहीतर काहीच नको."

"शेवटी एकच तर घरटं होतं, सर."

"तिचं त्या वर्षीचं एकच होतं."

त्यांनी विषय बदलला. रमण्यातल्या मादीचं विचारलं. म्हणाले, आमच्याकडं आता लांबून घ्यायची मोठी लेन्स आहे, जवळ जायची गरजच नाही. मी म्हणालो, "मीपण लांबूनच बघणार होतो." जागा सांगितली नाही. सांगणारही नाही; ह्या लेखातही शोधू नका, मी गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. ज्याला पाखरू बघायचंय त्यानं बांधावर बसावं, ते दिसलं तर दिसलं. घरट्याचा फोटो नसला तर जगाचं काही अडत नाही. अंडी उबली नाहीत तर अडतं.

मग मी स्टूल ओढलं, त्यावर चढलो आणि तो फोटो खिळ्यावरून उतरवला. "अहो, अहो" झालं. दोघांनी दंड धरला. मी सोडवून घेतला. फोटो बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसलो. मराठी माणसाला मराठीतून, कानडी माणसाला माझ्या मोडक्या कानडीतून, बाकीच्यांना साहेबांकडून शिकलेल्या दखनीतून. आयुष्यभरात बोललो नव्हतो तेवढं त्या दिवशी बोललो. काही थांबले, काही हसले, एकानं विचारलं की तुम्ही कोणत्या पक्षाचे. मी म्हणालो, त्या पाच बायांच्या. शाल आत टेबलावरच राहिली.

परत येऊन चंद्राक्काला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधेच दोनदा हसली, स्टुलाच्या ठिकाणी आणि दंडाच्या ठिकाणी. मग म्हणाली, "ब्येस. पर तोंडानं बोललेलं वाऱ्यावर जातंय. छापलं तवा कागदावर छापलं व्हतं की."

"मग कागदावरच लिहितो."

"लिवा. आन नुसतं 'बाया' म्हून लिवू नका. 'मजूर' म्हून तर लिवूच नका. नाव लिवा. समद्यांचं. त्यातली एक वारली, तिचं बी."

म्हणून लिहितो. चंद्रभागा तुकाराम गायकवाड. सोजर लक्ष्मण गायकवाड. पारू धोंडिबा सूर्यवंशी. गयाबाई मारुती कांबळे. आणि शेषाबाई केरबा सूर्यवंशी, जी खडी फोडायला गेली त्याच उन्हाळ्यात वारली. त्या रमण्यात ह्या पाच जणींनी इतक्या वर्षांत एकही अंडं फोडलं नाही. तीन फुटली, ती मी फोडली.